तिरके सांधे आवळण्यासाठी घरी बनवायचा जिग

प्रश्न थोडक्यात असा आहे. षटकोनी चौकट करायची आहे. पट्ट्या ५० मिमी रुंद आणि १८ मिमी जाड आहेत. काप चांगले आलेत, गोंद न लावता जुळवल्या तर सांधा बंद दिसतो. पण गोंद लावून क्लॅम्प आवळायला घेतला की पट्ट्या एकमेकींवरून सरकतात आणि कोपरा पुढेमागे होतो. कोपऱ्याचे तयार क्लॅम्प बहुतेक काटकोनापुरतेच असतात. मग १२० अंशांचा, किंवा उद्या १०८ किंवा १३५ अंशांचा सांधा आवळायला घरी काय बनवता येईल?

प्लायचा एक तुकडा, करवत, बेव्हल (हवा तो कोन लावून दुसरीकडे उतरवायचा सरकता गुण्या) आणि तास-दीड तास एवढ्यात हे काम होतं. फक्त कापायला बसण्याआधी पट्टी नेमकी का घसरते ते समजून घ्या, कारण जिगचा, म्हणजे काम जागेवर धरून ठेवणाऱ्या या साधनाचा, सगळा आकार त्यातूनच ठरतो.

क्लॅम्प फक्त सरळ रेषेत दाबतो, एका जबड्यापासून दुसऱ्या जबड्यापर्यंत. ती रेषा सांध्याच्या तोंडाला काटकोनात असेल तर सगळा जोर सांधा बंद करण्यात जातो. ती तिरकी झाली की जोराची वाटणी होते: काही जोर सांधा दाबतो, उरलेला पट्टीला सांध्यावरून बाजूला ढकलतो. रेषा १० अंशांनी चुकली तर साधारण १७ टक्के जोर बाजूला जातो, ३० अंशांनी चुकली तर थेट निम्मा. कोरड्या लाकडावर हे खपून जातं, कारण घर्षण पट्टीला धरून ठेवतं. ओला गोंद मात्र वंगणासारखा वागतो. म्हणूनच कोरडी जुळवणी निर्धोक होते आणि गोंद लागला की तोच सांधा हातातून निसटतो. अशा वेळी क्लॅम्प आणखी पिळला तर बाजूला ढकलणारा जोरही तेवढाच वाढतो, त्यामुळे जास्त आवळून हा प्रश्न कधीच सुटत नाही.

म्हणजे जिगकडून दोन गोष्टी हव्यात. क्लॅम्पच्या दोन्ही जबड्यांना सांध्याच्या तोंडाशी समांतर बैठक मिळाली पाहिजे, आणि दाबाची रेषा सांध्याच्या बरोबर मधून गेली पाहिजे. कोन पक्का धरून ठेवणं हे तिसरं आणि वेगळं काम आहे. घरी बनवलेले पुष्कळ जिग तेवढंच करतात, कोन छान धरतात पण सांध्यावर दाब देत नाहीत. दाब देणं आणि कोन धरणं ही दोन कामं मी वेगळ्या तुकड्यांवर सोपवतो, आणि तुम्हीही तसंच करा असं आग्रहाने सांगेन.

दाब देणाऱ्या तुकड्यांना इथे टेकू म्हणू. प्रत्येक सांध्याला दोन टेकू लागतात, दोन पट्ट्यांच्या बाहेरच्या कडांना एकेक. पट्टी १८ मिमी जाड असेल तर टेकूही १८ मिमी प्लायचाच घ्या, म्हणजे जबडा आपोआप पट्टीच्या जाडीच्या मध्यावर दाबेल. साधारण २५० मिमी लांब आणि ६५ मिमी रुंद तुकडा पुरतो. त्याची एक लांब कड रंध्याने अगदी सरळ करा. ही कड पट्टीला चिकटून बसणार आहे. दुसऱ्या कडेला खाच काढायची. कोपऱ्याकडचा भाग पूर्ण ६५ मिमी उंच राहील, मग एक तिरका उतार येईल, आणि उताराच्या पुढे, कोपऱ्यापासून लांबच्या बाजूला, २५ मिमी उंचीची शेपटी उरेल. तो उतार म्हणजे क्लॅम्पची बैठक. शेपटी टेकूला पट्टीवर बांधण्यासाठी. उताराचं तोंड कोपऱ्याच्या विरुद्ध दिशेला असतं, हे आखतानाच तपासा. उलटा काढला तर तुकडा वाया गेला.

उताराचा कोन सोपा आहे: सांध्याच्या आतल्या कोनाच्या निम्मा. षटकोनाला ६० अंश, पंचकोनाला ५४, अष्टकोनाला ६७.५, काटकोनी चौकटीला ४५. हा कोन टेकूची सरळ कड आणि उतार यांच्यामध्ये मोजायचा. आणि इथे कोनमापक बाजूला ठेवा. पट्ट्यांचे मायटर (टोकांचे तिरके काप) ज्या करवतीवर कापलेत तिची मांडणी मोडायच्या आधीच टेकूचा उतार त्याच मांडणीवर आखून घ्या, किंवा कापलेल्या पट्टीच्या टोकाला बेव्हल लावून तोच कोन टेकूवर उतरवा. करवत ३० ऐवजी २९.७ वर असेल (करवतीवरचा आकडा सरळ काटकोनी कापापासून मोजतात, म्हणून ६० च्या उताराला ३०) तर टेकूतही तेवढाच फरक येईल, आणि बैठक तरीही सांध्याला समांतर राहील. आपल्याला गरज समांतरपणाची आहे, ६० या आकड्याची नाही.

आता उतार नेमका कुठे काढायचा? बहुतेक टेकू इथे फसतात. हिशेब येत नसला तरी अडत नाही, एका मोठ्या कागदावर सांधा खऱ्या मापात काढा. दोन पट्ट्या, मधली सांध्याची रेषा, त्या रेषेचा मध्यबिंदू, आणि त्या बिंदूतून सांध्याला काटकोनात दोन्हीकडे जाणारी एक लांब रेषा. ही दाबाची रेषा. ती पट्टीची बाहेरची कड जिथे ओलांडते तिथून पुढे टेकूच्या आत शिरते, आणि बैठकीचा मध्य तिच्यावर आला पाहिजे. तुमच्या ५० मिमी पट्टीला आणि १२० अंशांना ती रेषा कोपऱ्याच्या टोकापासून साधारण ५८ मिमीवर कड ओलांडते (पट्टीची रुंदी भागिले सांध्याच्या कोनाची साइन). शेपटी २५ मिमी आणि उताराची उंची ४० मिमी धरली तर बैठकीचा मध्य कोपऱ्यापासून कडेच्या दिशेने मोजून सुमारे १३६ मिमीवर येतो. टेकूचं कोपऱ्याकडचं टोक कोपऱ्यापासून २० मिमी मागे ठेवा, म्हणजे बाहेर आलेला गोंद टेकूला लागणार नाही आणि सांध्याचं टोक डोळ्यांना दिसत राहील.

ही आकृती काढताना एक गोष्ट लगेच लक्षात येईल. बैठक सांध्यापासून बरीच लांब वाटते, आणि एखादा छोटा त्रिकोणी ठोकळा पट्टीला चिकटवला असता तर चाललं नसतं का असा विचार मनात येतो. काटकोनापर्यंत तो चालतो. पण १२० अंशांना दाबाची रेषा पट्टीच्या कडेशी फक्त ३० अंश करते, अगदी आडवी जाते. छोट्या त्रिकोणात ती रेषा ठोकळ्याच्या तळाबाहेरच पडते, आणि जोर आला की ठोकळा पालथा होतो. टेकूचा पाया रेषेच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पसरलेला हवा, म्हणून तो लांब.

त्याच कारणाने टेकू घसरतोही. १२० अंशांच्या सांध्यावर क्लॅम्पने १०० किलोचा दाब दिला तर त्यातला ८७ किलो टेकूला पट्टीवरून कोपऱ्याकडे ढकलतो, आणि पट्टीच्या कडेवर काटकोनात फक्त ५० किलो पडतो. काटकोनी चौकटीत हे दोन्ही सारखे, ७१-७१. अष्टकोनात घसरवणारा जोर ९२ आणि दाबून धरणारा ३८. कोन जितका पसरट तितका टेकू धरून ठेवणं अवघड. नुसत्या लाकडावर लाकूड ठेवून हे कधीच थांबणार नाही. टेकूच्या सरळ कडेला ८० किंवा १०० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू पट्टीकडे करून, चिकटवा. मग शेपटीवर दोन जी-क्लॅम्प लावून टेकू पट्टीला घट्ट बांधा. पट्टीच्या आतल्या कडेला जबड्याखाली वाया गेलेल्या प्लायची पट्टी ठेवा, नाहीतर वळ उठतो. पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे पट्टीच्या बाहेरच्या कडेवर येणारच, म्हणून त्या कडेची शेवटची घासाई चौकट जोडून झाल्यावर करा.

अष्टकोनासारख्या पसरट कोनात, किंवा लाकूड गुळगुळीत आणि कठीण असेल तर, मी टेकू पट्टीच्या पूर्ण लांबीचा घेतो आणि त्याच्या लांबच्या टोकाला आकडा ठेवतो, जो पट्टीच्या दुसऱ्या टोकाला मागून अडतो. टेकू कोपऱ्याकडे सरकायला बघतो तेव्हा तो पट्टीलाही सोबत ढकलत नेतो, आणि ते आपल्याला हवंच असतं. दुसरं टोकही मायटर केलेलं असेल तर आकडा त्या मायटरच्या पूर्ण तोंडावर टेकेल असा कापा. नुसत्या अणकुचीदार टोकावर जोर आला तर ते टोक चिरडतं.

टेकू बनवताना प्लायचे दोन तुकडे दुहेरी चिकटपट्टीने एकावर एक लावून एकदमच कापा. एक पालथा केला की उजव्या-डाव्याची जोडी तयार. उतार करवतीने कापल्यावर पटाशीने साफ करा आणि गुण्या लावून तो प्लायच्या पृष्ठाला काटकोनात आहे ना ते बघा. बैठक जाडीच्या दिशेने कलली असेल तर क्लॅम्प आवळताना सगळा सांधा वर उचलला जातो, आणि त्याचं कारण मग पट्टीत शोधत बसायची वेळ येते. शेवटी कोपऱ्याकडच्या भागाला आणि खालच्या पृष्ठाला मेण घासा किंवा पॅकिंगची चिकटपट्टी लावा. पांढरा पीव्हीए गोंद या दोन्हींना धरत नाही. सरळ कडेवर मात्र मेण जाऊ देऊ नका, तिथे घर्षणच हवं.

आता कोन धरणारा तुकडा. एकच कोन लागणार असेल तर काही जुळवाजुळव करत बसू नका. चौकटीच्या आत बसेल असा प्लायचा एक साचा १२० अंशांत कापा, त्याचं टोक १५-२० मिमी छाटून टाका, आणि पट्ट्यांच्या आतल्या कडा त्याला टेकवा. जी-क्लॅम्प टेकू, पट्टी आणि साचा तिघांनाही एकत्र पकडू शकतात, त्यासाठी साच्याला हाताएवढी दोन भोकं पाडली की झालं.

कोन वारंवार बदलत असतील तर बदलता साचा करणं परवडतं. प्लायचे दोन हात, प्रत्येकी ३५० मिमी लांब, ६० मिमी रुंद. एका टोकाला दोघांची अर्धी-अर्धी जाडी खाचून त्यांना एकमेकांवर बसवा, म्हणजे दोन्ही हात एकाच पातळीत राहतील, आणि तिथे ८ मिमी बोल्ट घाला. प्रत्येक हाताच्या मधोमध एक रेषा मारा, बोल्टचा मध्य त्या रेषेवर असू द्या, आणि बोल्टपासून बरोबर ३०० मिमीवर दोन्ही रेषांवर बारीक टोच्याने खूण करा. दोन हातांना जोडणारी लांब खाचेची एक आडवी पट्टी विंग नटने आवळली की कोन पक्का होतो. कोन लावायचा तो या दोन खुणांमधलं अंतर मोजून: ६० अंशांना ३०० मिमी, ९० ला ४२४.३, १०८ ला ४८५.४, १२० ला ५१९.६, १३५ ला ५५४.३. इतर कोणत्याही कोनाला ६०० गुणिले निम्म्या कोनाची साइन. ही पद्धत छोट्या कोनमापकापेक्षा पुष्कळ भरवशाची आहे, पण तिची मर्यादाही ओळखून असा. १२० अंशांजवळ एका मिलिमीटरची चूक म्हणजे जवळजवळ ०.४ अंश. ६० अंशांजवळ तीच चूक ०.२ च्या आसपास. म्हणून पसरट कोन लावताना पोलादी मोजपट्टी वापरा, आणि खुणा पुन्हा एकदा बघा.

जिग कितीही चांगला असला तरी कापातली चूक तो लपवू शकत नाही. षटकोनाला १२ काप असतात. प्रत्येक काप पाव अंशाने एकाच बाजूला चुकला तर शेवटच्या सांध्यावर ३ अंश जमा होतात. ५० मिमी रुंदीच्या पट्टीवर मायटरचं तोंड ५८ मिमीचं असतं, म्हणजे तिथे ३ मिमीची फट. क्लॅम्पने ती ओढून बंद करता येते, पण मग बाकीचे पाचही सांधे कायम ताणाखाली राहतात आणि एखादा पुढे उघडतो. त्यापेक्षा चौकट दोन अर्धुकांत जोडा. तीन-तीन पट्ट्यांचे दोन भाग आधी पूर्ण करा, म्हणजे प्रत्येकात दोनच सांधे आवळायचे. वाळल्यावर प्रत्येक अर्धुकाची दोन मोकळी तोंडं एकाच सरळ रेषेत यायला हवीत. सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवून अर्धुक त्यावर उभं घासा, दोन्ही तोंडं एकदमच जुळतात आणि साचलेली सगळी चूक तिथेच निघून जाते. षटकोनात आणखी एक सोय आहे: ही दोन अर्धुकं जोडताना वरची आणि खालची बाजू त्या सांध्यांना समांतरच असते, त्यामुळे टेकूशिवाय दोन साधे लांब क्लॅम्प, त्या बाजूंच्या दोन टोकांजवळ लावून, काम होतं. अष्टकोनाच्या अर्धुकांना अशी बाजू मिळत नाही, तिथे समोर कोपरा येतो, म्हणून टेकू लागतातच.

गोंदाआधी कोरडी तालीम न चुकता करा. पट्ट्या साच्याला टेकवा, टेकू बांधा, आणि सांध्यावर आडव्या दोन-तीन पेन्सिलच्या रेषा मारा, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाणाऱ्या. मग मुख्य क्लॅम्प हळूहळू आवळा आणि नजर त्या रेषांवर ठेवा. हाताला मूठ जड लागू लागते त्या सुमाराला काही चुकलं असेल तर रेषा तुटते: एका पट्टीवरचा तुकडा दुसरीच्या मानाने केसभर पुढे सरकतो. तिथेच थांबा. रेषा सरकली म्हणजे बैठका समांतर नाहीत किंवा एक टेकू घसरतोय. रेषा जागेवर आहे पण सांधा आतल्या बाजूने उघडतोय, तर दाबाची रेषा टोकाकडे जास्त गेलीय. दोन्ही टेकू कोपऱ्यापासून थोडे लांब सरकवा. बाहेरचं टोक उघडत असेल तर उलट, दोन्ही कोपऱ्याकडे आणा. दोन-तीन मिमी सरकवलं तरी फरक लगेच दिसतो. जागा पक्की झाली की टेकूची टोकं पट्टीवर पेन्सिलने खुणवून ठेवा, कारण गोंद लावल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

गोंदाबद्दल एवढंच: मायटरचं तोंड म्हणजे बऱ्याच अंशी लाकडाचं कापलेलं टोक, ते गोंद शोषून घेतं. आधी पातळ हात द्या, दोन-तीन मिनिटं जिरू द्या, मग नेहमीचा थर. आवळताना सांध्याच्या पूर्ण लांबीवर गोंदाची बारीक, सलग कड बाहेर आली की पुरे. त्यापुढे पिळण्यात फायदा नाही. पीव्हीए गोंदाला क्लॅम्पमध्ये किमान अर्धा तास द्या, मी तासभर ठेवतो, आणि सांध्यावर खरा भार २४ तासांनंतरच. क्लॅम्प काढताना आधी मुख्य क्लॅम्प सैल करा, मग जी-क्लॅम्प. उलट क्रमाने काढलं तर टेकू मुख्य क्लॅम्पच्या जोराने एकदम सुटून कोपऱ्यावर आदळतो.

टेकू बांधायला जागाच नसेल, म्हणजे पट्ट्या अगदी छोट्या असतील, तर कागदाचा जुना उपाय अजूनही उत्तम आहे. तिरका ठोकळा पट्टीवर चिकटवताना मध्ये तपकिरी कागदाचा तुकडा घाला, कागदाच्या दोन्ही बाजूंना गोंद. पुरता वाळू द्या. काम झाल्यावर पटाशी लाकडाच्या रेषांच्या दिशेने लावून हलकेच ठोका, कागद जाडीतच फाटतो आणि ठोकळा सुटतो. उरलेला कागद ओलसर फडक्याने आणि खरवडणीने निघतो. ठोकळ्याचा पाया मात्र इथेही लांबच हवा, कारण ते वरचं गणित कागदाने बदलत नाही.

खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पायाला आडवी पट्टी जोडताना, किंवा वेड्यावाकड्या फळीला कड लावताना, सांधा सरळ असतो पण क्लॅम्प बसतो ती मागची बाजू तिरकी असते. अशा कामात नवा ठोकळा आखायचीही गरज नाही. पाय निमुळता करताना कापून निघालेली पाचर जपून ठेवा आणि आवळताना चिकटपट्टीने पुन्हा जागच्या जागी लावा. करवतीच्या जाडीएवढं लाकूड मध्ये गेलेलं असतं, तरी त्याने काही बिघडत नाही. कापाच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असल्यामुळे पाचरीची बाहेरची कड पायाच्या मूळ कडेशी समांतरच राहते, आणि क्लॅम्पला सपाट बैठक मिळते. पाचर कोणत्या पायाची आणि तिचं वरचं टोक कोणतं, एवढं मात्र कापतानाच पेन्सिलने लिहून ठेवा.